हिरव्या मुनियेच्या जिवावर उठलेले रूप

जेमतेम १० सेंटिमीटर लांबी, हिरवी पाठ, पिवळे पोट, कुशीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी आणि लाल चोच. केवळ भारतात आढळणारी हिरवी मुनिया गायक पक्ष्यांच्या मोठ्या परिवारातली आहे. तिच्या 'अमंडवा फॉर्मोसा' या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ सुंदर, तर पहिला शब्द 'अहमदाबाद'चा अपभ्रंश. तिची बहीण शोभणारी लाल मुनिया पूर्वी याच शहरातून परदेशी पाठवली जात असे. पिंजऱ्याची ही सावली हिरव्या मुनियेवरही पडली.

आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' वर्गात आहे. धोक्यातील जातींच्या तीन वर्गांपैकी ही पहिली पायरी. तिच्यापुढे 'संकटग्रस्त' आणि 'अतिसंकटग्रस्त' हे वर्ग येतात. राजस्थानातील माउंट अबूचा परिसर हे तिचे प्रमुख आश्रयस्थान. मध्य भारतात ती विखुरलेल्या ठिकाणीच दिसते.

तिला मुख्य धोका पक्षीबाजाराचा. मुनिया थव्याने वावरत असल्याने एका जाळ्यात अनेक पक्षी सापडतात. पकडताना आणि वाहतुकीत त्यांतील कित्येक दगावतात. म्हणजे विक्रीस आलेल्या एका पाखरामागे वाटेत मेलेल्यांचा हिशेब कुठेच लागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच तिला आहे. १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी विक्री थांबली नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही तिचा समावेश आहे.

प्रश्न अधिवासाचाही आहे. उंच गवत, झुडपी माळ, उसाचे फड आणि शेताचे बांध येथे ती राहते, घरटी बांधते. अशा जागा बहुधा अभयारण्याबाहेर असतात आणि कागदोपत्री 'पडीक' ठरतात. जंगल राखले, पण माळ नांगरला गेला, तर या पक्ष्याला त्याचा उपयोग नाही.

शहरी ग्राहकाने एक फरक ध्यानात ठेवावा. बजरीगर मूळचा परदेशी पक्षी आहे. मुनिया देशी आणि वन्य आहे. ती पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. दया येऊन विकत घेतलेली मुनियाही विक्रेत्याच्या हिशेबी विक्रीच ठरते आणि पुढच्या जाळ्याचा खर्च भागवते. अशा वेळी पैसे न देता वनविभागाला कळवणे, हेच त्या पाखराच्या हिताचे.