माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी

पावसाळा सरला की आमच्या वसई-विरारकडे घरोघरचे माळे साफ होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत घर झाडून घ्यायचे, रंग काढायला पैसे नसले तरी निदान जाळी-जळमटे काढायची, ही रीत आता आपल्या बहुतेक कुटुंबांत आहे. अशा वेळी माळ्यावरून पितळी भांडी, जुनी वह्या-पुस्तके यांच्याबरोबर एक पिवळट पडलेला पत्र्याचा डबा खाली येतो. एके काळी त्याला शिवलेले कापडी आवरण होते, त्याच्यासाठी वेगळे टेबल घेतले होते, पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवला जात होता. आता दारात भंगारवाला उभा असतो आणि किलोवर भाव करतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तो डबा त्याच्या हातात देण्यापूर्वी आमचे थोडे ऐकून घ्यावे.

हा डबा आपल्या घरात आला कसा, ते आधी सांगायला हवे. आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणला. घाई होती म्हणून कंपनीने बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. वर यंत्राचे नकाशे असलेले पुस्तकही विकायला काढले. तिच्या एकटीच्या मालकीचा राहिला तो यंत्र सुरू होताना चालणारा छोटासा प्रोग्रॅम, ज्याला बायोस म्हणतात. १९८२ मध्ये कॉम्पॅक कंपनीने तसेच काम करणारा स्वतःचा बायोस लिहिला आणि मग कुणीही सुटे भाग जोडून तेच यंत्र बनवू लागला. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण आले आणि आयातीवरील बंधने सैल झाली. ज्या यंत्राचे झाकण चार स्क्रूंनी उघडते आणि ज्याचा प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो, तेच यंत्र आमच्यासारख्या पगारदार माणसाच्या आवाक्यात येऊ शकले. कंपनीच्या तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकूनच आम्ही दुकानातून मागे फिरलो होतो.

मग राहिला लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते नाव विचारले तर रस्त्यावरचा माणूसही क्षणभर थांबतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जायचे. एका दुकानात मदरबोर्ड, दुसऱ्यात रॅम, तिसऱ्यात कॅबिनेट. प्रत्येकाचा भाव कागदावर टिपायचा, चहा घ्यायचा आणि पुन्हा पहिल्या दुकानात यायचे. १९९९ साली आम्ही असा कॉम्प्युटर जोडून घेतला : सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्डडिस्क आणि १४ इंची मॉनिटर. सगळे मिळून ३० हजारांच्या वर गेले. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले आणि ते ३६ हप्त्यांत फेडले. मुलीच्या शिक्षणासाठी आहे असे अर्जात लिहिले होते, तेव्हा पतपेढीतल्या कारकुनाने विचारले, ‘‘मुलगी कॉम्प्युटरवर काय करणार?’’ त्याला त्या वेळी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते, हेही कबूल करतो.

खरी परीक्षा सामान घरी आणण्याची. दहा-बारा किलोचा काचेचा मॉनिटर घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरणे माहीतगारालाही जमत नाही. म्हणून ग्रँट रोडहून आधी उलटे चर्चगेटला जायचे आणि तेथून मालडब्यात बसून यायचे. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या वसईच्या कोळणी आणि भाजीवाल्या मावश्या त्या डब्यात असत. ‘‘टीव्ही हाय का रं?’’ असे विचारून त्यांनीच पाय आवरून खोक्याला जागा दिली.

त्या पहिल्या महिन्यात आमच्या खोलीत कोण बसले नाही? गल्लीतली मुले रांग लावून यायची. चपला बाहेर, हात धुतलेले, आणि कुणी झाकणाला हात लावायचा नाही, असा आमचा हुकूम होता. आज त्या हुकुमाचे हसू येते आणि वाईटही वाटते. हात लावू नका हे वाक्य आपल्या समाजाने पुष्कळ ऐकले आहे. तेच आम्ही आमच्या पोरांना, एका पत्र्याच्या डब्यापायी, ऐकवीत होतो.

हुकूम मोडला तो यंत्राच्या दुखण्यांनी. मुंबईत बेस्टची वीज. आमच्याकडे वीज मंडळाची. भारनियमनाच्या दिवसांत वीज जायची ती सांगून जायची, आणि परत यायची ती झटका देऊन यायची. यूपीएस घेतला तर त्याची बॅटरी दोन वर्षांत मान टाकायची. त्यात एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला समुद्र. खारी दमट हवा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर बसते आणि यंत्र सुरू होण्याऐवजी नुसते टूं टूं ओरडते. मुलांच्या कंपासमधले खोडरबर घेऊन ते दात हलकेच पुसले की दहापैकी सहा-सात वेळा कॉम्प्युटर मुकाट चालू होतो. ही विद्या आम्हाला कुठल्या क्लासमध्ये मिळाली नाही. शेजारच्या एका नववीतल्या मुलाने, आम्ही कामावर गेलो असताना, आमचा हुकूम मोडून ती शोधून काढली.

पण या सगळ्यांत आमच्या मनात घर करून राहिली आहे ती एका ताईंची गोष्ट. त्यांना नाव छापलेले नको आहे. वसई पूर्वेला वालीवच्या एका कारखान्यात त्या ट्रान्सफॉर्मरला तारा जोडण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम करीत. शिक्षण सातवीपर्यंत. २००६ च्या सुमारास त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले, ‘‘बोर्ड गेला. नवीन टाकावा लागेल.’’ साडेतीन हजारांचा अंदाज. मुलगा रडकुंडीला आला, कारण त्याची परीक्षा तोंडावर होती. ताई आमच्याकडे आल्या त्या पैशांसाठी नव्हे, विचारायला आल्या : ‘‘भाऊ, त्या बोर्डावर उभे डबे असतात ना छोटे, त्यातल्या तिघांची डोकी फुगलीत. आमच्या कारखान्यात असा फुगलेला डबा आम्ही बदलतो. इथं का बदलत नाहीत?’’

आम्हाला उत्तर माहीत नव्हते. पुढे कळले की साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर असंख्य मदरबोर्ड याच कारणाने बिघडले. कपॅसिटर नावाच्या त्या डब्यांमध्ये भरलेले रसायन सदोष होते. काही वर्षांनी आत वायू धरायचा आणि वरचे झाकण फुगायचे. मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रे त्यात सापडली. ताईंना यातले काहीही ठाऊक नव्हते. त्यांना फुगलेले डोके दिसले, एवढेच.

तीन कपॅसिटर आणले, दहा-पंधरा रुपयांत. त्यावरचे आकडे मुलाने वाचून दिले. उणे बाजूची पट्टी कुठे येते हे ताईंनी जुना काढण्यापूर्वीच बोर्डावर पेन्सिलने खुणावून ठेवले. पहिल्यांदा सोल्डर वितळेना. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असतात आणि ते सगळी उष्णता ओढून घेतात. घरातली लहान इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, पुरी पडेना. ताईंनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मोठ्या इस्त्रीची परवानगी मागितली, बोर्ड फडक्यात गुंडाळून नेला आणि जेवणाच्या सुट्टीत काम उरकले. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू झाला. त्यानंतर तो आणखी पाच वर्षे चालला. त्या घरात इंग्रजी येत नाही म्हणून ज्या बाईला कधी त्या खुर्चीवर बसू दिले नव्हते, तिने हे केले. त्या म्हणाल्या, ‘‘मला कुठं कॉम्प्युटर येतो? मला जोड द्यायला येतो.’’

कारागिरी हातात आणि मान दुसऱ्याला, ही व्यवस्था आपल्या देशात जुनी आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीतही ती घुसू पाहत होती : बटण दाबणारा तो शिकलेला, आणि आत हात घालणारा तो मेकॅनिक. जेथे दोन्ही कामे एका घरात आली, तेथली मुले पुढे गेली, असे आम्ही आमच्या वस्तीपुरते तरी पाहिले आहे. शासनाच्या पुढाकाराने २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले, एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला आणि नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा आमच्या मुलामुलींना भीती वाटली नाही. माऊस कसा धरायचा हा प्रश्न त्यांचा केव्हाच सुटलेला होता.

येथे एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. त्या काळी विंडोजची सीडी कुठून आली हे कुणी विचारत नसे. दुकानदार फुकट टाकून देई, आम्ही घेत असू. न दिलेली वस्तू न घेण्याचे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो आणि घरी येऊन चोरीच्या विंडोजवर पत्रिका छापतो, असे आमच्या मुलीने एकदा तोंडावर सुनावले. आम्ही रागावलो. पुढे तिनेच जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून दिले. ते देणारे राजीखुशीने देतात, वाटायलाही मुभा देतात. सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ हेही त्याच जातीचे, आणि त्यात मराठीची सोय आहे.

मराठीवरून आठवले. माळ्यावरच्या त्या हार्डडिस्कमध्ये कदाचित तुमच्या मंडळाचे जुने अहवाल असतील, जयंतीचे हिशेब असतील, कुणा दिवंगत कार्यकर्त्याची भाषणे असतील. ती श्रीलिपी, आकृती अशा त्या वेळच्या फाँटमध्ये टाइप केलेली असणार. आज फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक ती बिघडली म्हणून पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. तेव्हा प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरांना आपापले आकडे दिले होते. युनिकोडमध्ये ‘क’ला जगभर एकच आकडा आहे, ०९१५; तेव्हा तसे नव्हते. योग्य फाँट किंवा रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला की मजकूर जसाच्या तसा परत येतो.

आपल्या सोपाऱ्याचेच पाहा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला आणि नवव्याचा तुकडा भुईगावला, १९५६ मध्ये. हे साल वाचताना आपल्याला थांबावेसे वाटतेच. अक्षरे दगडावर शाबूत होती, पण १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली नसती तर सापडूनही ती मुकीच राहिली असती. आमच्या मंडळाचा १९९८ चा अहवाल पंचवीस वर्षांतच तसा मुका झाला होता. एका तरुणाने तो दोन रात्रींत वाचता केला.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या. एका घरात तीन मुले आणि वडिलांचा एक मोबाइल, अशी स्थिती. तेव्हा माळ्यावरचे डबे पुन्हा खाली आले. नालासोपाऱ्यातील एका विहाराच्या अभ्यासिकेत काही मुलांनी सात मोडक्या यंत्रांतून चार चालती यंत्रे उभी केली. धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, घड्याळ मागे पडणाऱ्या बोर्डांना नाण्याएवढी नवी बॅटरी घातली, फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली. पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेचा मॉनिटर मात्र त्यांनी उघडला नाही, आणि वाचकांनीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यांत जीवघेणा दाब राहू शकतो.

ती चार यंत्रे अजून चालतात. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना घेत नाही. म्हणून ‘आता ही टाका’ अशी सूचना अभ्यासिकेच्या बैठकीत आली. आमचे मत साफ विरुद्ध आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, स्पर्धा परीक्षेचे जुने पेपर पाहायला, बाबासाहेबांचे इंग्रजी खंड वाचायला ती आजही पुरतात. तीनवर लिनक्स चढलेही आहे.

आणि टाकायचीच वेळ आली तर हे करा. डब्याचे झाकण काढा, चार स्क्रू सोडवा आणि हार्डडिस्क घरी ठेवून घ्या. फाइल पुसली म्हणजे ती गेली असे होत नाही. माहीतगार माणूस परत काढतो. आपल्या घरच्या डिस्कमध्ये काय असते? जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक, मुलीचे फोटो. हे किलोच्या भावात कुणाला का द्यावे? उरलेला डबा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. कारण वायरी जाळून तांबे काढणारा आणि शिशाचा धूर छातीत घेणारा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

अभ्यासिकेतले चौथे यंत्र सध्या बंद आहे. त्याला डीडीआर ३ ची ४ जीबी रॅम हवी आहे. ती आता नवी घेणे परवडत नाही, पण कुणाच्या तरी माळ्यावर ती नक्की असेल. खोडरबर आमच्याकडे आहे.