होडीचा रंग पोपडे धरतो तो का?

कारवारची काळी नदी असो की गोव्यातली मांडवी, घरच्या घरी बांधलेली छोटी लाकडी होडी काठावर अजून दिसते. दिवाळीनंतर रंगवायची आणि पुढचा पावसाळा यायच्या आत पोपडे काढत बसायचं, ही तक्रारही दोन्हीकडे सारखीच. दोष बहुतेक वेळा रंगाच्या डब्याला जातो. खरी भानगड लाकडातल्या ओलाव्याची.

लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं. त्यावरचा कडक थर तेवढा ताणला जात नाही, तडकतो. त्यात लाकूड ओलं असताना रंगवलं तर आतलं पाणी उन्हाने बाहेर पडू बघतं आणि रंगाला फोड येतात. म्हणून पाऊस थांबला की लगेच ब्रश हातात घेऊ नका. होडी आडोशाला, वारा खेळेल अशी उलटी ठेवा. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मीटर नसेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबायचं.

पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते फळीच्या कापलेल्या टोकांतून, प्लायवुडच्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. तिथे इपॉक्सी दोन-तीनदा पाजा. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने घासून धुवायचा, मगच पॉलिश पेपर मारायचा. हे न करणारेच पुढे ‘रंग सुकतच नाही’ म्हणून दुकानदाराशी भांडतात! आणि इपॉक्सी उघडं ठेवू नका, उन्हाने ते खराब होतं.

जुने लोक काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. लाकडाला ते चांगलंच, पण तेल प्यालेल्या फळीवर पेंट धरत नाही. दोन्हीपैकी एकच काहीतरी ठरवा.

साधा एनॅमल स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. दोन डबे मिसळून लावायचा पॉलियुरेथेन जास्त टिकतो, पण साध्या प्रायमरवर मारला तर खालचा थर सुरकुततो. प्रायमर त्याच जातीचा घ्या. दव वाळल्यावर सकाळी सुरुवात करून दुपारी तीनपर्यंत ब्रश खाली ठेवा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, मध्ये २२० नंबरचा पेपर. गडद रंग उन्हात जास्त तापतो, त्यामुळे पांढरा किंवा फिका बरा.

होडी खाऱ्या पाण्यात कायम उभी राहणार असेल तर पाण्याखालच्या भागाला तांबंयुक्त अँटिफाउलिंग लागतंच, नाहीतर लाकूड पोखरणारे किडे शिरतात. रोज किनाऱ्यावर ओढून ठेवत असाल, किंवा होडी धरणाच्या गोड्या पाण्यात असेल, तर तो खर्च वाचतो.

खरचटून लाकूड दिसलं तर लगेच रंग फासू नका. गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळू द्या, पेपर मारा आणि तेवढ्याच जागेवर प्रायमरपासून सुरुवात करा.