चार्ज देताना काय लिहावं?

एआय एजंट समजून घेताना : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण एजंट म्हणजे काय ते पाहिलं. नुसतं उत्तर देऊन तो थांबत नाही. तो आज्ञा चालवतो, फाइल बदलतो आणि आलेला परिणाम वाचून पुढचं पाऊल ठरवतो. अशा एजंटच्या हाती आपल्या कामांची यादी सोपवायची असेल, तर ती यादी सांभाळणाऱ्या साधनाची माहिती त्याला कशी लिहून द्यावी, हा आजचा विषय.

उदाहरण टास्कवॉरियरचं घेऊ. हे टर्मिनलवर चालणारं मुक्त साधन आहे. 'टास्क ॲड' लिहून काम नोंदवायचं, झालं की त्याचा क्रमांक देऊन 'डन' म्हणायचं. सगळा व्यवहार अक्षरांतून होत असल्यामुळे एजंटला ते सोयीचं पडतं. माझी घरची-दारची कामं मी त्यातच ठेवते.

एजंटसाठी मी पहिल्यांदा माहिती लिहिली तेव्हा त्यात एक वाक्य होतं : 'काम संपलं की त्याचा क्रमांक देऊन ते पूर्ण कर.' त्या दिवशी यादीत चौथं काम मुद्रितं तपासण्याचं होतं, सहावं वीजबिलाचं आणि सातवं आईच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेण्याचं. चौथं आणि सहावं झालंय, तशी नोंद कर, असं मी एजंटला सांगितलं. त्याने चौथं पूर्ण केलं, यादी पुन्हा काढली आणि मग सहावं पूर्ण केलं. तीन दिवसांनी पाहते तर वीजबिल यादीत तसंच होतं आणि आईचं काम 'पूर्ण' झालेलं होतं.

झालं होतं ते असं. टास्कवॉरियरमधले क्रमांक कायमचे नसतात. एखादं काम संपलं आणि यादी पुन्हा काढली, की मागची कामं पुढे सरकतात. चौथं गेल्यावर बिल पाचवं झालं, आईचं काम सहावं. माणूस यादीकडे बघत बघत काम करतो, त्यामुळे हा बदल त्याच्या नजरेला पडतो. एजंट मात्र सुरुवातीला ठरवलेल्या क्रमांकाला धरून राहिला, आणि तसं करायला मीच लिहून दिलं होतं. प्रत्येक कामाला यूयूआयडी नावाची ३६ अक्षरांची कायमची ओळखही असते. ती पाठ करणं माणसाला अवघड, एजंटला सहज. पण माझ्या माहितीत तिचा उल्लेखच नव्हता.

दुसरी अडचण एजंटच्या जुन्या ज्ञानाची. २०२४ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून टास्कवॉरियर आपली नोंद एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं. त्याआधी ती साध्या मजकुराच्या फाइलींत असे. इंटरनेटवरचं बरंचसं लेखन त्या जुन्या काळातलं आहे आणि एजंट तेच वाचून शिकलेला असतो. म्हणून साधनाची कोणती आवृत्ती आपण वापरतो हे पहिल्याच ओळीत लिहावं, आणि 'डेटाच्या फाइलींना थेट हात लावू नकोस' हेही लिहावं.

तिसरी अडचण प्रश्नांची. काम खोडताना साधन 'नक्की का?' असं विचारतं. उत्तर द्यायला समोर कोणी नसेल, तर एजंट तिथेच अडकून बसतो. हा प्रश्न सेटिंगमधून बंद करता येतो. पण तो कसा बंद करायचा एवढंच लिहिलं, तर आपण दाराची कडीच काढून दिली असं होईल. खोडण्याचा अधिकार एजंटला आहे की नाही, ते आधी ठरवून लिहायला हवं.

सरकारी कचेरीत बदली झालेला माणूस चार्ज देतो, तेव्हा नव्या माणसाला कचेरीचा इतिहास सांगत बसत नाही. कोणती फाइल कुठल्या कपाटात आहे, कोणत्या कागदावर साहेबांच्या सहीशिवाय पुढे जायचं नाही, हे तो सांगतो. एजंट प्रत्येक नव्या सत्रात असाच नव्याने चार्ज घ्यायला येतो. कालचं त्याला आठवत नाही. जे लिहून ठेवलंय तेवढंच त्याचं.

आता माझ्या फाइलीत हे आहे :

'आवृत्ती ३. यादी "एक्सपोर्ट"ने जेसॉन रूपात वाच. कामाची ओळख फक्त यूयूआयडीने धर, क्रमांक वापरू नकोस. पूर्ण केल्यावर तीच नोंद पुन्हा वाचून वर्णन आणि स्थिती जुळते का ते बघ. काहीही खोडू नकोस; खोडण्याजोगं वाटलं तर मला विचार. दोन कामं सारखी वाटली, तर थांब आणि विचार.'

एवढंच. ही माहिती एजंट दर वेळी वाचतो आणि प्रत्येक ओळ त्याच्या मर्यादित संदर्भातली जागा घेते, म्हणून ती आखूडच हवी. साधनाची ओळख, वैशिष्ट्यं, कौतुक यांना इथे जागा नाही. सगळ्या आज्ञांची जंत्रीही नको. ती साधनाच्या स्वतःच्या मदत-पानावर असते, आणि लागेल तेव्हा ते पान उघडायला एजंटला येतं. आपण लिहायचं ते फक्त तिथे न सापडणारं : आपली पद्धत, आपल्या मर्यादा, आणि जिथे चूक होते ती जागा.

त्यातही सगळ्यांत मोलाची ओळ पुन्हा वाचून बघण्याची आहे. ती माझ्या पहिल्या फाइलीत असती, तर वर्णनात वीजबिलाऐवजी 'आईचे डोळे' हे शब्द त्याच क्षणी समोर आले असते आणि तीन दिवस वाया गेले नसते.

पुढच्या लेखांकात : एकाच यादीवर दोन एजंट काम करू लागले तर?