फर्मचे पैसे, फर्मच्याच नावावर

आजचा भाग पैशांचा आहे, आणि माझ्या एका चुकीचा.

मी कोलाडचा. आमच्या कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. त्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती असते. गिऱ्हाईक मात्र तसं नसतं. पावसाळ्यात झुंबड, नंतर फक्त शनिवार-रविवार. म्हणजे पैसा एकदम येतो आणि वर्षभर पुरवावा लागतो.

मी, माझा चुलतभाऊ दादा आणि शाळेतला एक मित्र, असे तिघं मिळून नदीकाठी तंबू आणि जेवणाचा धंदा करतो. रीतसर पार्टनरशिप फर्म आहे. एका सीझनला खर्च जाऊन चार लाख उरले. करंट अकाउंटला व्याज नाही. मी म्हटलं, "दादा, लिक्विड फंडात टाकूया, माझ्याकडे ॲप आहे." दादा म्हणाला, "टाक, तुला कळतं त्यातलं." पैसे आधी फर्मच्या खात्यातून माझ्या खात्यात, तिथून फंडात. पाच मिनिटांचं काम!

एप्रिलमध्ये हायवेवर माझ्या बाईकला अपघात झाला. अकरा दिवस हॉस्पिटल, फोनचा चुरा. इकडे नव्या तंबूंचा ॲडव्हान्स द्यायचा होता. पैसे आहेत हे दादाला माहीत होतं, पण ते काढायचा अधिकार त्याला नव्हता. घरी आलो तेव्हा वहिनीच्या हातात बांगड्या नव्हत्या. गहाण टाकल्या होत्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.

आमच्या सीएंनी मात्र सरळ विचारलं, "तू घरी आलाच नसतास तर?" फोलिओ माझ्या नावावर, नॉमिनी माझी आई. पैसे आधी आईकडे गेले असते आणि ते फर्मचे आहेत हे सिद्ध करायला दादाला हिशोबाच्या वह्या घेऊन फिरावं लागलं असतं.

आता नीट समजून घ्या. १९३२च्या भागीदारी कायद्यात फर्म म्हणजे एकत्र आलेले भागीदारच; कंपनीसारखी ती वेगळी व्यक्ती नाही. पण आयकरासाठी फर्मचा पॅन वेगळा असतो, आणि त्याच पॅनवर फर्मच्या नावाने म्युच्युअल फंडात गुंतवणूक करता येते. त्यासाठी लागतं काय? फर्मचा पॅन, पार्टनरशिप डीड, फर्मचं बँक खातं, फर्मची केवायसी, भागीदारांची माहिती आणि सह्या कोण करणार त्यांची यादी. डीडमध्ये गुंतवणुकीचा उल्लेख नसेल तर आधी तो घालून घ्या. सही एकाची की दोघांची, हेही तेव्हाच ठरवा. फर्मच्या फोलिओला नॉमिनी नसतो.

फर्मच्या खात्यातून थेट माझ्या फोलिओत पैसे भरता आले नसते, ते थर्ड पार्टी पेमेंट ठरतं. म्हणून तर आधी माझ्या खात्यात घ्यावे लागले. मला तिथेच शंका यायला हवी होती!

फंड कुठला? पुढच्या सीझनला लागणारा पैसा शेअर बाजाराच्या फंडात नको. लिक्विड फंड ९१ दिवसांपर्यंत मुदत असलेल्या कर्जरोख्यांत पैसे ठेवतो. सातव्या दिवसापासून एक्झिट लोड नाही, आणि पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. जोखीम कमी, पण शून्य नाही. ही बँकेची एफडी नव्हे.

टॅक्सचंही ऐका. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा, कितीही वर्षं ठेवला तरी, नेहमीच्या दरानेच करपात्र असतो. फर्मला तो दर सरसकट ३० टक्के, वर सेस. "माझा स्लॅब कमी आहे, माझ्या नावावर टाकू" हा मोह इथेच होतो. पण पैसा फर्मचा आणि नफा माझ्या रिटर्नमध्ये, हा हिशोब उद्या टॅक्सवाल्यांनाही पटत नाही आणि भागीदारांनाही.

आता आमचा फोलिओ फर्मच्या नावावर आहे. तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या चालतात. पाच मिनिटांऐवजी दोन-अडीच आठवडे गेले, कागदांसाठी दोन चकरा झाल्या. पहिल्यांदा पैसे काढले ते वहिनीच्या बांगड्या सोडवायला.

तुमचीही भागीदारी असेल, तर आज एवढंच करा: पार्टनरला विचारा, "उद्या मी फोन उचलला नाही, तर तुला पैसे काढता येतील का?"

भेटू पुढच्या भागात. आणि हो, हेल्मेट घाला.