मालवणचे खडक

भंडारा जिल्ह्यातील सिहोरा येथील मुलांना पाणी अपरिचित नाही. गावाजवळच चांदपूरचा विस्तीर्ण जलाशय आहे. बावनथडी आणि वैनगंगा या नद्याही फार दूर नाहीत. पाण्यात उतरून शिंगाडे काढणारे व जाळे फेकणारे ढीवर बांधव त्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असतात. समुद्र मात्र त्यांपैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला असतो. महाराष्ट्राच्या नकाशावर सिहोरा पूर्व विदर्भात, तर मालवण राज्याच्या दक्षिण टोकाशी, अरबी समुद्राच्या काठी आहे. तुमसर रोड स्थानकावरून आगगाडीने मुंबई गाठावी, तेथून कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे आणि पुढे सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता तुडवावा, तेव्हा मालवण येते. एवढा लांबचा प्रवास करून गेलेला प्रवासी तेथे केवळ समुद्राच्या लाटा पाहून परतत नाही. समुद्राच्या पोटात काय आहे, हेही त्याला तेथे पाहावयास मिळते.

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट दिसतो. सन १६६४ च्या नोव्हेंबर महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील कुरटे नावाच्या बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ नावाचा एक खडक आहे. त्यावर गणपती, सूर्य व चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. याच ठिकाणी पूजा करून कामाचा मुहूर्त झाला, असे सांगतात. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून तट नागमोडी वळणांनी गेला आहे. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड असा दडविला आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोड आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला, त्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे.

तथापि, सिंधुदुर्गाचे बळ केवळ त्याच्या तटात नव्हते. बेटाभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे पसरले आहे. वाट ठाऊक नसलेले मोठे गलबत जवळ आले, तर त्याचा तळ या खडकांवर आपटून फुटण्याचे भय असे. येथील नावाडी मात्र खडकांमधील वाटा ओळखून आपली होडी वळणावळणाने सुखरूप नेत. आजही किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या तशाच वाट काढीत जातात. शत्रूला दगडी तटाशी भिडण्यापूर्वी पाण्याखालच्या या अदृश्य तटाशी झुंजावे लागे. राजधानीपासून दूर, भर समुद्रात किल्ला उभारताना महाराजांनी ही जागा का निवडली असावी, ते या खडकांवरून ध्यानात येते.

पूर्वी हे खडक केवळ नावाड्यांना व कोळ्यांना ठाऊक होते. आता पाणबुड्याचा पोशाख चढवून प्रवासीही त्यांच्याजवळ जातात. पाण्याखाली माणसाने श्वास कसा घ्यावा, हा प्रश्न मानवाला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. युरोप व आफ्रिका यांच्यामध्ये भूमध्य समुद्र आहे. त्यातील कालिम्नोस या ग्रीक बेटावरचे लोक समुद्रतळावरील स्पंज काढण्यासाठी हातात जड, सपाट दगड धरून बुडी मारीत व एका श्वासात जेवढे काम होईल तेवढे करीत. एकोणिसाव्या शतकात शिरस्त्राणाचा पोशाख आला आणि त्यांना अधिक वेळ खोल पाण्यात राहता येऊ लागले. परंतु खोलातून घाईने वर आल्यामुळे कित्येकांचे हातपाय कायमचे लुळे पडले, कित्येक दगावले. पुढे १९४३ साली जाक-ईव्ह कूस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघा फ्रेंच गृहस्थांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र तयार केले. त्याची परीक्षाही भूमध्य समुद्रातच झाली. मालवणला प्रवाशांच्या पाठीवर जी नळकांडी बांधतात, ती त्याच यंत्राची वंशज होत.

या नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असतो, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक त्यात आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरील दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. त्यामुळे खाली जाताना कान दुखू लागतात. अशा वेळी नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे लोटावी लागते. श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही आणि घाईने वर यावयाचे नाही, हे दोन नियम प्रथम शिकवितात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा कराव्या लागतात. त्यांतील एक खूण नवख्याला फसविते. जमिनीवर अंगठा उंचावला म्हणजे ‘छान’ असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘सर्व ठीक आहे’ हे सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावे लागते. पोहता न येणाऱ्या प्रवाशाला शिक्षक स्वतः धरून काही मीटर खोल नेतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असतो, तेव्हा हे सर्व बंद असते.

पाण्याखाली गेल्यावर एक निराळेच जग दिसू लागते. जे खडक वरून काळे व रुक्ष भासतात, त्यांवर पोवळ्यांची वस्ती असते. पोवळे ही वनस्पती नव्हे, की दगडही नव्हे. असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. त्या घरांच्या समूहास प्रवाळ म्हणतात. या जीवांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांतील वाटा आपल्या यजमानाला देते. गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षभरात जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे हातभर रुंदीच्या प्रवाळाचे वय त्याच्याकडे पाहणाऱ्या मुलाच्या वयाहून अधिक असते. त्याच्या कपारींत फुलपाखरू मासे, पट्टेरी मासे आणि काटेरी समुद्री साळू आश्रय घेतात. लहान मासे येथे लपतात, पोसले जातात आणि मोठे होऊन खुल्या पाण्यात जातात.

मालवणच्या आसपासही पाहण्याजोगी स्थळे पुष्कळ आहेत. दक्षिणेस सहा-सात किलोमीटरांवर तारकर्लीचा शुभ्र वाळूचा किनारा आहे आणि त्यापुढे देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. तारकर्लीला पाणबुडीचे शिक्षण देणारी शासकीय संस्थाही आहे. या किनाऱ्यांवर ‘रापण’ ओढताना पाहणे हा एक आनंदच होय. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे मिळून ओढतात. दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. उत्तरेस वाघोटन नदीच्या मुखावर विजयदुर्ग आहे. तेथेही समुद्राच्या पाण्याखाली भिंतीसारखी दगडी रचना आढळली आहे. पूर्वेस, समुद्रापासून आत, धामापूरचा तलाव आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांच्या काळी, १५३० साली, तो बांधला गेला. पाचशे वर्षांच्या जवळपास लोटली तरी त्याचे पाणी आजही उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्यातील जुने तलाव ज्याने पाहिले आहेत, त्याला धामापूर पाहताच आपल्या गावची आठवण व्हावी. लोकांनी निगा राखली म्हणूनच असे तलाव टिकले.

धामापूरच्या तलावाला निगा राखणारे लोक लाभले. मालवणच्या खडकांना ते लाभतील काय? हा प्रश्न सोपा नाही. १९८७ साली येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र शासनाने सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. त्या वेळी कोळी बांधवांना धास्ती वाटली. पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले, तेच पाणी आपल्याला बंद होईल की काय, असे त्यांना भय होते; आणि ते अकारण नव्हते. पुढे पाणबुडीचा व्यवसाय वाढला, तेव्हा त्याच घरांतील तरुणांना नवे काम मिळाले. ज्या खडकांच्या वाटा वडिलांनी मासळीसाठी शिकविल्या होत्या, त्याच वाटांनी मुलगा प्रवाशांना नेऊ लागला.

परंतु पाहुणे वाढले तशी खडकांची इजाही वाढू शकते. होडीचा नांगर बेपर्वाईने टाकला, तर एका क्षणात पन्नास वर्षांचे प्रवाळ मोडते. कोणी हौसेने त्यावर पाय देतो, कोणी आठवण म्हणून तुकडा खिशात घालतो, कोणी माशांपुढे बिस्किटे फेकतो. त्यात समुद्राचे पाणी अधिक तापले, तर आतील शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. मालवणच्या पाण्यातही असे घडल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. प्रवाळ गेले की लहान माशांचा आसरा जातो. मासे घटले की रापणीचा वाटाही घटतो आणि मग प्रवाशांना दाखविण्यासारखेही काही उरत नाही.

यावर उपाय आहेत. नांगर खडकावर न टाकता होडी कायमच्या बोयाला बांधता येते. एका वेळी थोड्याच माणसांना पाण्यात नेता येते. आणि प्रत्येक पाहुण्याला एवढे तरी करता येते की, डोळ्यांनी मनसोक्त पाहावे आणि हात मात्र आपल्यापाशी ठेवावेत. समुद्र पाहावयास जाणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणे होय. सुजाण पाहुणा तेथून आठवणींखेरीज काही नेत नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हे खडक पाण्याखाली राहून सिंधुदुर्गाची राखण करीत होते. त्या काळी त्यांना कोणाच्या रक्षणाची गरज नव्हती. आज ती गरज निर्माण झाली आहे. मालवणच्या होडीत पाऊल ठेवणारा मुलगा किनाऱ्यावरचा असो की दूरच्या सिहोऱ्याचा असो, त्या राखणदारांची राखण करण्याचा थोडा भार त्याच्यावरही येतो.