मण्यांवर मोजलेला श्वास

जन्मापासून पहिल्या 28 दिवसांतील बाळाला वैद्यकशास्त्रात नवजात म्हणतात, आणि वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी निम्म्याहून अधिक याच दिवसांत दगावतात; तरीही विसावे शतक सरत आले तोवर ग्रामीण भारतात हा काळ आरोग्यसेवेच्या नजरेबाहेरच राहिला, कारण बाळ घरी जन्माला येई, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत महिनाभर राही आणि दवाखाना त्या खोलीपर्यंत पोहोचत नसे. त्या खोलीत शिरण्याची वाट ज्या संस्थेने घालून दिली, ती गडचिरोलीची ‘सर्च’. चंद्रपूरपासून 1982 मध्ये वेगळ्या झालेल्या या जंगलव्याप्त जिल्ह्यात, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ती स्थापन केली. पुढे धानोरा मार्गावर उभ्या राहिलेल्या ‘शोधग्राम’मधील दवाखान्याला त्यांनी आदिवासींच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे नाव दिले.

संस्थेच्या कामाचा स्वभाव एका लहानशा साधनात नेमका दिसतो. बालकांच्या न्युमोनियाचे, म्हणजे फुप्फुसांच्या जंतुसंसर्गाचे, सर्वांत सोपे लक्षण म्हणजे वेगाने चालणारा श्वास: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, आणि त्याहून मोठ्या, वर्षाच्या आतील बाळाचे 50 किंवा अधिक श्वास धोक्याचे मानले जातात. परंतु गावोगावच्या दाया बहुधा निरक्षर, त्यामुळे इतके अंक सलग मोजणे त्यांना अवघड जाई. त्यावर उपाय म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी एकत्र बसवलेले श्वासमापक तयार झाले, ज्यात दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी अखेरचा मणी सरकला तर औषध सुरू करायचे, एवढेच दाईने पाहायचे असते. साठपर्यंतची मोजणी अशी दहा-दहांच्या टप्प्यांत आली. आणि दहापर्यंत मोजायला शाळेत जावे लागत नाही.

खरी कसोटी पुढे होती. 1993 ते 1995 या काळात आधारभूत नोंदी घेतल्यानंतर संस्थेने 39 गावांत ‘घरोघरी नवजात बाळसेवा’ सुरू केली आणि तुलनेसाठी अन्य 47 गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद चालू ठेवली (ही गावे केवळ आदिवासींची नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे). गावातीलच थोडीफार शिकलेली स्त्री ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडली जाई. ती प्रसूतीच्या वेळी हजर राही, बाळाला झोळीच्या काट्यावर तोली, अंग गार पडत असेल तर उबदार पिशवीत ठेवी, श्वास अडला तर तो सुरू करण्याचा प्रयत्न करी आणि जंतुदोष, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शनही स्वतः देई. जे काम डॉक्टरही बिचकत करतात ते गावातल्या बाईच्या हाती सोपवणे, ही त्या काळी जवळजवळ पाखंडाची गोष्ट होती. आधारभूत काळात हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 25 वर आला, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

या प्रयोगाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांचे अर्थसाहाय्य होते. परदेशी मदत म्हटली की वाहने, इमारती आणि कोनशिला डोळ्यांपुढे येतात. येथे तिचे मोल वेगळे होते, कारण सरकारी अंदाजपत्रकात ज्याला कधी जागा मिळत नाही ते काम, म्हणजे सेवा न मिळालेल्या गावांतीलही प्रत्येक जन्म आणि मृत्यू वर्षानुवर्षे मोजत राहणे, तिच्यामुळे शक्य झाले. या पुराव्याचा आधार पुढे दूरवर घेतला गेला: 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि 2011 मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत हा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

स्वीकारताना मात्र त्याची धार काढून घेण्यात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, वजन-ताप पाहायचा, धोक्याची चिन्हे दिसली तर बाळाला पुढे पाठवायचे, आणि या सर्व भेटींचे मिळून तिला तेव्हा 250 रुपये ठरले. इंजेक्शनची सुई मात्र तिच्या हाती आली नाही. पुण्याजवळच्या, पवनाकाठच्या रावेतसारख्या उपनगरात, जिथे रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे, ही काटछाट फारशी जाणवणार नाही. पावसाळ्यात नाल्यांनी तुटणाऱ्या, गडचिरोलीतील भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर ‘पुढे पाठवणे’ या शब्दांना अर्थच उरत नाही, आणि मूळ पद्धत तर अशाच ठिकाणांसाठी घडवलेली होती. रावेतची अडचण निराळी आहे. तेथील उंच इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजुराचे कुटुंब एकविसाव्या दिवशी काम संपवून दुसऱ्या साइटवर गेले, तर उरलेल्या भेटी कोणत्या आशाताईच्या यादीत धरायच्या, याचे उत्तर मुक्काम गृहीत धरून आखलेल्या वेळापत्रकात सापडत नाही.