देवासचे घर आणि कुमार गंधर्वांचे गाणे

गायकाच्या निर्मितीविषयी लिहिताना त्याची प्रतिभा, गुरूची तालीम आणि रियाज यांची चर्चा जितक्या तपशिलाने होते, तितक्या तपशिलाने ते गाणे ज्या घरात घडले त्या घराची होत नाही. घरखर्च कोणी चालवला, आजारपण कोणी काढले, मुले कोणी वाढवली हे प्रश्न बहुधा चरित्राच्या अर्पणपत्रिकेतच आटोपले जातात. कुमार गंधर्व यांच्या बाबतीत मात्र असे करता येत नाही, कारण त्यांच्या गाण्यात आज जे वेगळेपण मानले जाते, त्याची बरीचशी जुळणी एका आजारी माणसाच्या खोलीत, एका नोकरदार पत्नीच्या पगारावर आणि आसपासच्या घरांतील स्त्रियांच्या गाण्यांच्या सोबतीने झाली.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे त्यांचा जन्म झाला आणि नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा मुलगा म्हणून कोवळ्या वयातच त्यांचा बोलबाला झाला. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात त्यांना रीतसर तालीम मिळाली आणि तेथेच गाणे शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले, कोरड्या हवेच्या ठिकाणी राहण्याचा सल्ला मिळाला आणि ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, हे दांपत्य माळव्यातील देवास येथे पोहोचले. पवार घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन संस्थानांचे हे गाव असल्याने तेथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती होती. जवळच्या इंदुरात रामूभैया दाते यांच्यासारखे जाणते रसिक होते. त्यामुळे मुंबईपासून दूर येऊनही त्यांना अगदी परक्या मुलखात दिवस काढावे लागले नाहीत.

त्यानंतरची सुमारे पाच वर्षे गाण्यास सक्त मनाई होती. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, नाव झालेले असताना, गायकाने गळा मिटून अंथरुणावर पडून राहणे म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. परंतु त्याच वर्षांत भानुमतींच्या वाट्याला काय आले, हेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. त्यांनी देवासला शिक्षिकेची नोकरी धरली, घर त्या पगारावर चालले, आणि औषधपाणी, पथ्य व शुश्रूषा हे सारे नोकरी सांभाळून झाले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील औषध तेव्हा नवे होते. त्याने कुमारांना उतार पडला हे खरे, पण क्षयाच्या रोग्याला औषधाइतकीच दीर्घ आणि निश्चिंत विश्रांती लागे, आणि ती निश्चिंती कोणीतरी कमावून आणावी लागते. भानुमती स्वतः तयारीच्या विद्यार्थिनी होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या काळात एका नव्हे, दोन गायकांचे गाणे थांबले होते, असे म्हणावे लागते.

गाणे थांबले तरी ऐकणे थांबले नव्हते. लग्नाची, बाळंतपणाची, श्रावणातल्या झोक्याची, पावसाची अशी माळवी गाणी आसपासच्या स्त्रिया घरकाम करता करता गात असत आणि निर्गुणी भजने गाणारे नाथपंथी दारावरून जात. हे सारे त्या खोलीत ऐकू येई. अशा गाण्याच्या चालीला धुन म्हणतात. ती बहुधा चार-पाच स्वरांत फिरते, प्रत्येक कडव्याला तीच राहते आणि तिला मैफलीची अपेक्षा नसते. राग म्हणजे स्वरांची निवड, त्यांचे चढ-उतार आणि त्यांतील महत्त्वाच्या जागा यांनी बांधलेली, विस्ताराला वाव देणारी व्यवस्था. रागांचे बीज अशा धुनांतच असते, ही कुमारांची धारणा या ऐकण्यातून पक्की झाली आणि धुनेतून वर आलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मघवा हे त्यांपैकी काही. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आल्या.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ख्यालाच्या पारंपरिक बंदिशींत सासू, नणंद, अंगण, पाणवठा यांचे उल्लेख जागोजागी येतात, परंतु गवयांच्या पिढ्यांनी त्या शब्दांकडे बहुतेक स्वरांची खुंटी म्हणूनच पाहिले. ज्यांच्या आयुष्यातले ते शब्द होते, त्या स्त्रियांच्या तोंडून, त्या त्या प्रसंगी, अशी गाणी ऐकलेल्या कुमारांच्या बंदिशींत शब्दाला पुन्हा त्याचे वजन मिळाले.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. आजाराने एक फुप्फुस निकामी झाल्याने त्यांना छोट्या, तुटक वाटणाऱ्या स्वरवाक्यांचा आश्रय घ्यावा लागला, असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य असले तरी ते स्पष्टीकरण अपुरे आहे. थोडक्या स्वरांत पूर्ण आशय मांडणे हा धुनेचाही स्वभाव आहे, आणि तो त्यांनी वर्षानुवर्षे कानांत साठवला होता.

१९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर भानुमतींचे निधन झाले. थोरले मुकुल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढच्या वर्षी कुमारांच्या शिष्या वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोन लहान मुलांचे घर व नवनव्या प्रयोगांनी भरलेले गाणे अशा दोन्ही जबाबदाऱ्या वसुंधराताईंनी एकदमच स्वीकारल्या. ‘गीत वर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘तांबे गीत रजनी’ यांसारखे विषयबद्ध कार्यक्रम देवासच्या ‘भानुकुल’ या घरात आकाराला येत असताना तेथेच मुले वाढत होती आणि शिष्यही शिकत होते. मुकुल शिवपुत्र आणि वसुंधराताईंची मुलगी कलापिनी कोमकली हे दोघेही पुढे गायक झाले. मैफलीत वसुंधराताई मागे बसून केवळ स्वर धरून ठेवत नसत. कुमारांनी सोडलेले स्वरवाक्य त्या पुढे नेत, आणि निर्गुणी भजनांत तर दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून जाई. १९९२ साली कुमार गेले, त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्या गात आणि शिकवत राहिल्या; मुकुल यांचे पुत्र भुवनेश यांनाही त्यांच्याकडूनच तालीम मिळाली. २००६ साली वसुंधराताईंना पद्मश्री मिळाली, परंतु त्यांच्या गायकीची स्वतंत्र चिकित्सा अजून व्हावी तितकी झालेली नाही. जुनी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि त्या कामाची सुरुवात त्यांतल्या दुसऱ्या आवाजापासून करता येण्यासारखी आहे.